परवानगी द्या, पण बंद करण्याच्या अटी आधी लिहून घ्या

विकसनशील देशांनी परदेशी विद्यापीठांना कॅम्पस उघडू द्यावेत का? माझं स्पष्ट मत आहे, द्यावेत. मुलाला परदेशी पाठवताना फी एक वेळ जमवता येते, पण तिथल्या राहण्याखाण्याचा खर्च आणि व्हिसाची टांगती तलवार कित्येक घरांना झेपत नाही. मलेशियात ऑस्ट्रेलियाचं मोनॅश विद्यापीठ १९९८ पासून आणि ब्रिटनचं नॉटिंगहॅम विद्यापीठ २००० पासून शिकवतंय. काहींना भीती वाटते तसं त्यामुळे तिथल्या सरकारी विद्यापीठांना टाळं लागलेलं नाही.

मला काळजी वेगळीच आहे. उद्या हे कॅम्पस बंद झालं तर मुलांचं काय?

सिंगापूरमध्ये हे घडलंय. सिडनीच्या न्यू साउथ वेल्स विद्यापीठाने मार्च २००७ मध्ये तिथे वर्ग सुरू केले. पहिल्या सत्राला आले १४८ विद्यार्थी, अपेक्षा होती जवळपास दुपटीची. मे महिन्यात बंद करण्याची घोषणा झाली आणि जूनअखेर सगळं संपलं. अवघं एक सत्र! मुलांना सिडनीत जागा देऊ केली, हे खरं. पण घराजवळ शिकता येईल म्हणून ज्याने प्रवेश घेतला, त्याला सिडनीतली जागा काय कामाची? आणि सिंगापूर तर श्रीमंत देश. गरीब देशात असं झालं तर मुलांनी कोणाच्या तोंडाकडे पाहायचं?

अमेरिकेतल्या टेक्सास ए अँड एम विद्यापीठाचं कतारमधलं कॅम्पस २००३ पासून इंजिनिअर घडवतंय. फेब्रुवारी २०२४ मध्ये विद्यापीठाच्या नियामक मंडळाने ते २०२८ पर्यंत बंद करायचं ठरवलं. निदान मुदत तरी दिली. पण निर्णय झाला टेक्सासमध्ये, दोह्यात शिकणाऱ्यांना कोणी विचारलं नाही.

गेल्या महिन्यात एका मित्राच्या मुलीसाठी अशाच एका कॅम्पसचं माहितीपत्रक घेऊन बसलो होतो. मुखपृष्ठावर मूळ विद्यापीठाची जुनी दगडी इमारत, जिथे ही मुलगी कधी पाऊलही ठेवणार नाही. फी परत मिळण्याचे नियम शेवटच्या पानावर, बारीक अक्षरात. तेही विद्यार्थ्याने प्रवेश रद्द केला तर! विद्यापीठानेच गाशा गुंडाळला तर काय, यावर एक ओळ नाही. प्राध्यापक कायमचे इथे राहणार की पंधरा दिवस येऊन शिकवून परत जाणार, तेही नाही. मित्र म्हणाला, "अरे, एवढं मोठं नाव आहे, फसवतील कशाला?" फसवण्याचा प्रश्नच नाही. विद्यार्थी कमी आले की मोठ्या नावालाही तोटा होतो.

म्हणून सरकारने परवानगीच्या करारातच लिहून घ्यावं की शेवटची तुकडी पदवी घेऊन बाहेर पडेपर्यंत वर्ग चालतील, आणि त्यासाठी लागणारी रक्कम विद्यापीठाने आधीच ठेव म्हणून बाजूला काढावी. हे मान्य नसेल तर परवानगी देऊ नये, मग नाव कितीही मोठं असो.

मित्राने हे प्रश्न त्या कॅम्पसला मेल केलेत. लेखी उत्तर येईपर्यंत पहिला हप्ता भरायचा नाही, असं बाप-लेकीने ठरवलंय.