घड्याळ काढ आणि हात पुढे कर

गुरुवारी संत्या कट्ट्यावर तणतणतच आला. "नऊ हजारांचं स्मार्ट घड्याळ! आणि हा दिल्या म्हणतो, ते काढून ठेव आणि हात पुढे कर."

दिल्या आमचाच, शाळेपासूनचा. आता गावात दवाखाना आहे.

"बाहेर वीस पेशंट बसलेत आणि हा मला मोबाइलवर तीन महिन्यांचे ठोके दाखवतोय. ते बघू की बीपी बघू?"

पक्या आयटीवाला, त्यामुळे यंत्राची बाजू घेणं भागच. "अरे, स्टॅनफर्डवाल्यांनी ॲपलच्या घड्याळावर एवढा मोठा अभ्यास केला, ते काय येडे?"

दिल्या वाचून बसला होता. "2019 ला छापून आलाय. चार लाख 19 हजार माणसं. त्यातल्या अर्ध्या टक्क्याला घड्याळाने 'ठोके अनियमित' म्हणून हटकलं. पुढे ज्यांनी छातीवर ईसीजीची पट्टी लावून परत पाठवली, त्यांच्यातल्या 34 टक्क्यांना एट्रियल फिब्रिलेशन निघालं, म्हणजे ठोके वेडेवाकडे पडून रक्ताच्या गुठळ्या व्हायची भीती असलेलं दुखणं."

"म्हणजे बाकीच्यांना उगाच घाबरवलं!"

"तसंही म्हणता येत नाही ना! ते दुखणं येतं-जातं. पट्टी लावेपर्यंत गेलेलं असू शकतं. मग मी काय करायचं? रक्त पातळ करायची गोळी दिली आणि रक्तस्राव झाला, तर चिठ्ठीवर सही माझी."

मी मध्ये तोंड घातलं. "माझ्या आईच्या दंडावर शुगरचं सेन्सर तूच लावलंस की."

"ते निराळं. त्याची बारीक तार कातडीखाली जाते. 14 दिवसांनी रिपोर्ट आला, मी बघितला, गोळी बदलली, विषय संपला. न टोचता साखर सांगणारं घड्याळ मात्र कुणी घेऊ नका. असं एकही आम्ही मंजूर केलेलं नाही, हे अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे औषधं-उपकरणं मंजूर करणाऱ्या सरकारी खात्याने, 2024 ला बजावलंय."

पक्या हटेना. "ठोके थेट तुझ्या फोनवर आले तर?"

"रात्री दोनला ह्याचे ठोके 140 झाले आणि मी झोपलेलो. सकाळी वहिनी विचारणार, डॉक्टरांना मेसेज गेला होता ना? अमेरिकेत मेडिकेअर, म्हणजे तिथला म्हाताऱ्यांचा सरकारी विमा, असं लांबून लक्ष ठेवायचे डॉक्टरला पैसे देतं. इथे हा संत्या चहाचेसुद्धा देत नाही."

यावर संत्या सोडून सगळे हसले. मला दिल्याचं बरंचसं पटलं, पण सगळं नाही. धडधड सुरू होते ती घरी, जिन्यात, मध्यरात्री. दवाखान्यात स्टेथो लावला की सगळं ठणठणीत. ती वेळ पकडायला मनगटावरच काहीतरी हवं. हे मी बोलून दाखवलं.

दिल्या थोडा वेळ गप्प. मग संत्याला म्हणाला, "बरं. धडधडलं की तेव्हाच 30 सेकंदांचा ईसीजी काढ. तेवढं एक पान मला पाठव. झोप, पावलं, ताण, बाकी काही नको. आणि छातीत दुखलं तर घड्याळ बघत बसू नकोस, सरळ दवाखाना गाठ. हार्ट अटॅक त्यात कळत नाही."

संत्याने घड्याळ उलटंसुलटं करून पाहिलं.

"ह्यात ईसीजी कुठून काढतात?"

पक्याने ते हातात घेतलं, दोन-चार वेळा बोट फिरवलं आणि परत दिलं. "नाहीये ह्यात."