धुळं विश्वेश्वरय्यांनी वसवलं नाही

दर 15 सप्टेंबरला आमच्या शाळेच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर तोच मेसेज फिरतो. अभियंता दिन, विश्वेश्वरय्यांचा पगडीतला फोटो आणि खाली ओळ: 'आपल्या धुळ्याची आखणी यांनीच केली, म्हणून आपल्या गल्ल्या एवढ्या सरळ.' त्याखाली हात जोडलेल्यांची रांग. यंदा मी फक्त 'असं नाहीये रे' एवढं लिहिलं, तर रात्री अकरापर्यंत बोलणी खाल्ली. म्हणून इथे नीट सांगतो.

विश्वेश्वरय्या आपल्याकडे आले होते, यात वादच नाही. 1884 साली मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यात सहायक इंजिनिअर म्हणून लागले, आणि उमेदवारीच्या त्या दिवसांत दातर्ती गावाजवळ पांझरा नदीच्या पाण्यासाठी त्यांनी पाइपचा सायफन, म्हणजे पाणी पलीकडे नेणारा बंद नळ, बांधला. काम अवघड होतं, आणि अभिमान बाळगायचा तर त्याचा बाळगा ना! पण आपल्या गल्ल्या तोवर साठ वर्षांच्या झाल्या होत्या. नवं गाव बसायला लागलं 1819 मध्ये. तेव्हा विश्वेश्वरय्यांचा जन्म व्हायलाच चाळीसेक वर्षं बाकी होती.

नवं धुळं बसवलं कॅप्टन जॉन ब्रिग्जने. 1818 मध्ये पेशवाई बुडाली, खानदेश कंपनीकडे आला आणि त्याचा कारभार ब्रिग्जकडे. मुख्य ठाणं म्हणून त्याने धुळं निवडलं, कारण ते जिल्ह्याच्या मधोमध होतं आणि पुण्याहून हिंदुस्थानात, म्हणजे उत्तरेत, जाणाऱ्या रस्त्यावर होतं. आपण ज्याला आग्रा रोड म्हणतो आणि जिथे दिवाळीत पाय ठेवायला जागा नसते, ती तीच वाट. जानेवारी 1819 मध्ये कचेऱ्या बांधायला मंजुरी मिळाली आणि दूरदूरचे कारागीर आणले गेले. घरासाठी जागा मोफत, तीही कायमची, वर घर बांधायला उचल. ही उचल गावातल्या जुन्या लोकांनाही होती आणि बाहेरून येणाऱ्यांनाही. साहेब फार दयाळू होता असं कुणी समजू नये. कंपनीला वसूल हवा होता, आणि ओसाड मुलखातून वसूल येत नाही.

1880 सालच्या खानदेश गॅझेटियरमध्ये, म्हणजे जिल्ह्याच्या सरकारी माहितीग्रंथात, 1819 च्या धुळ्याचा आकडा आहे: 401 घरं, 2509 माणसं. म्हणजे घरटी सहा. आज आमच्या एका कॉलनीच्या गणपतीच्या महाप्रसादाला याहून जास्त पानं उठत असतील.

आता माझा खरा मुद्दा. ही 401 घरं कुठून आली? ब्रिग्ज आला तेव्हा गाव होतंच ना. नदी आणि पाट यांच्यामध्ये दाबून बसलेलं, सभोवती बागायत असलेलं छोटं गाव, असं त्यानेच त्याचं वर्णन केलंय. पाट म्हणजे पांझरेवरच्या बंधाऱ्याचा. ज्यांच्या घरी फडाची शेती होती, म्हणजे बंधाऱ्याच्या पाण्यावर सगळ्यांनी मिळून पाळीने भिजवायची, त्यांना पाटकरी, पाण्याची पाळी हे शब्द समजावून सांगायला नकोत. ही व्यवस्था कंपनी सरकारच्या आधीची, सायफनच्या तर कितीतरी आधीची.

आणि तेही गाव एकदा पूर्ण उठलेलं होतं. 1802 मध्ये होळकरांच्या फौजांनी खानदेश लुटला आणि पाठोपाठ 1803 चा दुष्काळ. धुळ्यात दिवा लावायला माणूस उरला नाही. पुढच्याच वर्षी पेशव्यांचे सरदार विंचूरकर यांच्या पदरी असलेल्या बाळाजी बळवंत या माणसाने गाव पुन्हा वसवलं. त्याबद्दल विंचूरकरांनी त्याला इनाम दिलं, पुढे सोनगीर आणि लळिंगचा कारभारही दिला, आणि 1818 पर्यंत तो धुळ्यातूनच सगळं पाहत होता. मी धुळ्यात दहावीपर्यंत शिकलो. एकाही तासाला हे नाव माझ्या कानावर पडलं नाही.

मला विचाराल तर गाव वसवण्याचा मान त्याचा. जागा मोफत आणि उचल हातात असताना माणसं बोलावणं सोपं. उपाशी मुलखात, फौजा कधीही परत येतील अशा काळात, पळून गेलेल्या कुणब्याला 'चल, परत नांगर धर' म्हणणं हे वेगळंच काम. ते नेमकं कसं जमवलं असेल, याचा मी बरेचदा विचार करतो.

पण आपलं कौतुक सगळं नव्या गावाचं. नंबरांच्या गल्ल्या आपण पाहुण्यांना हौसेने दाखवतो, आणि जुनं धुळं म्हटलं की नाक मुरडतो. तिथले बोळ वाकडेतिकडे आहेत, हे खरं. गॅझेटियरवाल्या साहेबानेही तेच लिहून ठेवलंय, घरं वेडीवाकडी आणि साधीच. अरे, पण ज्यांच्या जिवावर गाव परत उभं राहिलं त्यांच्या हातात फूटपट्टी नव्हती! 1872 च्या पुरात पांझरेने घरंदारं नेली, तरी लोक तिथेच राहिले.

दुसरं म्हणजे, ग्रुपवर अधूनमधून 'बाहेरचे लोक आले आणि गाव बिघडलं' असंही वाचायला मिळतं. लिहिणाऱ्याला माझी आजी एकच प्रश्न विचारायची, 'कोनता गावना शे तू?' कारण 2509 चे 1872 पर्यंत 12,489 झाले ते काही पाळणे हलवून नाही. कुणाचा तरी पणजोबा जागेच्या आणि उचलीच्या आशेने बैलगाडीतून उतरला होताच. आमचाही उतरला होता, बहुतेक.

एका मित्राने चिडून विचारलं, 'मग आता काय ब्रिग्जचा पुतळा बसवायचा का?' मी म्हटलं, नको बाबा, आहेत त्या चौकांत आधीच उभं राहायला जागा नाही. आम्ही नदीपलीकडच्या देवपूरला राहायला येऊन तीस वर्षं झाली, पण पूल ओलांडायचा असला की आई अजूनही पिशवी घेताना म्हणते, 'गावमा जाई येस.' पुढच्या वेळी तिच्यासोबत मी जुन्या धुळ्यातून जाणार आहे. कुणाला यायचं असेल तर सांगा, सकाळी लवकर निघू, नंतर ऊन फार होतं.