खुलासा : गव्हाळ तलंग (तरुण कोंबडी) म्हणजे भेसळ नव्हे

खानापूर, निपाणी, बेळगाव पट्ट्यातल्या कोंबडीपाळकांच्या मोबाईलवर एक मजकूर फिरतोय : ‘ब्लॅक-रेड कोंबड्याची मादीही काळी-तांबडीच हवी. गव्हाळ निघाली तर रक्तात भेसळ.’

हे चूक आहे. प्रदर्शनातल्या गेम (मूळच्या झुंजीच्या) जातींत ब्लॅक-रेड हे वर्णन नराचं : छाती नि शेपूट काळी, मान-पाठ तांबडी. त्याची मादी गव्हाळ तरी असते, नाहीतर तित्तिरासारखी बारीक नक्षीची तपकिरी. दोन्ही चालतात. आपल्या असिल या झुंजीच्या जातीतही तांबड्या कोंबड्याची कोंबडी बहुधा गव्हाळच की! कोणती मादी होणार हे पिल्लावरूनच कळायला लागतं. गव्हाळ वाणाचं पिल्लू फिकट पिवळसर, दुसऱ्याच्या पाठीवर गडद पट्टे. असल्या मजकुरावर विसंबून चांगली तलंग खाटकाकडे गेली तर नुकसान आपलंच, मजकूर लिहिणाऱ्याचं नाही.

त्यातच पुढे ‘ब्राउन-रेड म्हणजे तपकिरी कोंबडा’ असंही ठोकून दिलंय. तो मुळात काळाच. मान-पाठ लिंबू-पिवळी किंवा नारिंगी, छातीच्या काळ्या पिसांना त्याच रंगाची बारीक कड. मॉडर्न गेम या जातीत गोंधळ झालाच तर पाय बघा : ब्लॅक-रेडचे हिरवट, ब्राउन-रेडचे काळे.