‘रॅले म्हणजे २६ आटे’ या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

रॅले या ब्रिटिश कंपनीची जुनी रेसिंग सायकल मी पूर्ववत केली, त्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया वाचली, दोनदा वाचली. वडिलांची काळी रॅले तीस वर्षं स्वतः खोलणारा माणूस बोलतोय हे पहिल्याच वाक्यात कळलं, म्हणून उत्तर लांबतंय. तुमचे आक्षेप थोडक्यात असे: रॅलेच्या बीबीला (बॉटम ब्रॅकेट, म्हणजे पेडलचा एक्सल फिरतो तो फ्रेमच्या तळाचा जोड) इंचाला २६ आटे असताना मी २४ आट्यांचे कप (एक्सलचे छर्रे धरणाऱ्या आटेदार वाट्या) ठोकून फ्रेम वाया घालवली, सायकलचं १९७६ हे साल माझा अंदाज आहे, १९८६ सुद्धा असू शकेल, आणि रंग न देता ‘पूर्ववत केली’ म्हणणं ही शुद्ध थाप.

आधी आटे. तुमची माहिती शंभर टक्के बरोबर आहे, पण ती नॉटिंगहॅमच्या कारखान्याची. रॅले तिथे स्वतःच्याच मापाने चालायची, २६ आटे आणि बीबीचं नळकांडंही रुंद, ७१ मिलिमीटरच्या पुढे. माझ्या फ्रेमच्या नंबराची सुरुवात मात्र ‘डब्ल्यू’ने होते. डब्ल्यू म्हणजे वर्कसॉप. तो कारखाना मुळात कार्लटन या दुसऱ्या सायकल कंपनीचा. १९६० मध्ये रॅलेने कार्लटन विकत घेतली, तरी हलक्या रेसिंग फ्रेम तिथेच बनत राहिल्या आणि त्यांना २४ आट्यांचं साधं ब्रिटिश माप राहिलं. नळीवर ठसठशीत ‘रॅले’ लिहिलेलं असलं तरी पोटात कार्लटन.

आणि मी नुसत्या अक्षरावर विसंबलो नाही. व्हर्नियर (बारीक मापाची पट्टी) लावला, नळकांड्याची रुंदी ६८ मिलिमीटर भरली. मग आटे मोजायच्या गेजचं २६ चं पातं बसवून टॉर्चसमोर धरलं, तर ते डुगडुगत होतं आणि खालून उजेड दिसत होता. २४ चं पातं गपकन बसलं. नवा कप बोटांनी फिरवत शेवटपर्यंत गेला, पान्याला हात लावावा लागला नाही. २६ च्या नळकांड्यात २४ चा कप दोन-तीन फेऱ्यांतच अडकतो, हे तुम्हाला मी काय सांगावं! ठोकाठोक झाली ती जुना कप काढताना. चेनच्या बाजूचा कप उलट्या आट्यांचा असतो हे माहीत असूनही पहिली पंधरा मिनिटं मी तो आवळतच होतो. हे मूळ लेखात लिहिलं नव्हतं. कारण उघड आहे.

साल. फ्रेमच्या नंबरात डब्ल्यूनंतर ‘एच’ आहे, म्हणजे जून, आणि मग ६, म्हणजे सालाचा शेवटचा आकडा. वर्कसॉपचा कारखाना १९८१ मध्ये बंद झाला, त्यामुळे १९८६ चा प्रश्नच येत नाही. मागच्या कॅम्पाग्नोलो डिरेलरवरही (गिअर बदलताना चेन सरकवणारा भाग) ‘पेटंट ७६’ कोरलेलं आहे, पण तो पुरावा मी दुय्यम धरतो. डिरेलर दहा मिनिटांत बदलता येतो.

आता जिथे मी चुकलो तिथे येतो. ‘सगळे भाग मूळचे’ असं मी लिहिलं होतं, ते खोटं निघालं. चाकं नंतरची आहेत. तुम्ही फोटोवरून ‘ब्रेकचे रबर फार खाली का?’ असं विचारलंत, तेव्हा मी पुन्हा गराजमध्ये गेलो. रबर ब्रेकच्या दांडीतल्या खाचेच्या अगदी तळाला होते, आणि त्याच खाचेत साधारण चार मिलिमीटर वर वॉशरच्या जुन्या दाबाची गोल खूण. म्हणजे मूळ चाक २७ इंची असणार, ज्याच्या टायरची बैठक ६३० मिलिमीटर. आत्ताची रिम ७०० सी या मापाची, तिची बैठक ६२२ ची. व्यासात आठचा फरक, म्हणजे रबर चार खाली. माझ्या हातून सुटलेली ही गोष्ट तुम्ही पुण्यात बसून फोटोत पकडलीत. मूळ लेखात दुरुस्ती केली आहे.

रंगाबद्दल मात्र मी हटणार नाही. आडव्या नळीखाली पंप घासून रंग उडालेला पट्टा आहे, सीटच्या नळीवर रेनॉल्ड्स ५३१ (फ्रेमच्या नावाजलेल्या पोलादी नळ्या) चं अर्धं सोललेलं स्टिकर आहे. नवा रंग मारला की दोन्ही गेले. मग ५३१ ची नळी आहे हे सांगायला २७.२ मिलिमीटरच्या सीटपोस्टचा (सीटखालच्या दांड्याचा) आधार तेवढा उरतो, आणि तो काही कोणी बाहेरून बघत नाही. गंज होता तिथे ऑक्झॅलिक आम्ल लावून धुतलं, आतून तेल फवारलं, वरून मेण. ज्यांना चकचकीत हवी त्यांनी खुशाल रंगवावी, फक्त आधी खरवडलेल्या जागांचे फोटो काढून ठेवावेत.

राहता राहिली तुमच्या वडिलांची सायकल. दुकानदार ‘बीबी पूर्ण बदला’ म्हणतोय, असं तुम्ही शेवटी लिहिलंय. ती नॉटिंगहॅमची असेल तर कप टाकू देऊ नका, २६ आट्यांचे कप मिळणं मुश्कील. एक्सल आणि छर्रे बदलून बघा. कॉटर पिन (पेडलचा दांडा, म्हणजे क्रँक, एक्सलला धरून ठेवणारी खीळ) निघत नसेल तर खालून क्रँकला भक्कम आधार देऊनच ठोका, नाहीतर घाव छर्ऱ्यांवर जातो. आणि मागच्या चाकात स्टर्मी-आर्चर कंपनीचा तीन गिअरचा हब (चाकाचा मधला भाग) असेल तर त्यावरची वंगणाची पुटं रॉकेलच्या फडक्याने पुसा, साल कोरलेलं सापडू शकेल. पॉलिश पेपर लावू नका. फोटो पाठवा.