कटतीवाले साहेब

काल सकाळपासून गावच्या पानठेल्यावर माझा उल्लेख ‘कटतीवाले साहेब’ असा होऊ लागला आहे, आणि त्याचे कारण एवढेच की वयाच्या ४२व्या वर्षी, पदोन्नतीच्या आशेने, मी ओसरीवर बसून संख्याशास्त्र व व्यवस्थापकीय लेखांकनाची सरावाची उदाहरणे सोडवीत होतो. खुर्च्यांच्या कारखान्याचे उदाहरण नुकतेच सुटले होते: स्थिर खर्च ६०,०००, खुर्चीमागे विक्रीची किंमत ५० व बदलता खर्च ३०, म्हणून ३,००० खुर्च्यांवर ना नफा ना तोटा. त्याच वेळी शेजारचे काकाजी फवारणीचा पंप मागायला आले आणि खाटेवर टेकले.

प्रमाण विचलन, म्हणजे आकडे सरासरीपासून किती विखुरले आहेत याचे माप, समजावण्याच्या हौसेने मी त्यांच्याच कपाशीचे पाच वर्षांचे आकडे घेतले: ४, ६, ८, १०, १२ क्विंटल. सरासरी ८. फरकांच्या वर्गांची बेरीज ४०. हे पाच आकडे नमुना म्हणून घेतले असल्याने मी तिला चारने भागले.

“वर्सं पाच, अन् भागतं चारनं? एक कोनं खाल्लं?”

सरासरीपासूनच्या फरकांची बेरीज नेहमी शून्य येते, त्यामुळे चार फरक कळले की पाचवा आपोआप ठरतो व तो मोकळा राहत नाही, असे मी अत्यंत शांतपणे सांगितले.

“हे त कटती झाली, बापू. व्यापारी क्विंटलमागं दोन किलो कापते, तू पाचातून एक अख्खंच कापून रायला. अन् याचे तू पैसे भरून शिकून रायला काय?”

वास्तविक मी तिथेच वही मिटायला हवी होती; पण माणसाला शिकवण्याची खोड असते. त्यांच्या दोन एकरांचा मक्ता, नांगरणी, बियाणे व फवारणी मिळून ४८,००० हा स्थिर खर्च, वेचणी क्विंटलमागे १,००० आणि भाव ७,००० गृहीत धरला.

“भाव तू धरते. व्यापारी धरते काय?”

हा आक्षेप खरा होता, म्हणूनच मला तो झोंबला. पुस्तकातल्या कारखान्यात बोंडअळी पडत नाही, खुर्ची पावसात भिजत नाही आणि पन्नास रुपये हे पन्नासच राहतात. असले पुस्तक यवतमाळ जिल्ह्यातल्या माणसाने का पाठ करावे, हे मला कोणी सांगितलेले नाही. तरीही मी खुर्च्यांसारखाच ना नफा ना तोट्याचा भागाकार केला. उत्तर आले ८ क्विंटल.

काकाजींनी दोन्ही आठांवर बोट ठेवले.

“सरासरी आठ. अन् नफा नाही, तोटा नाही, तेबी आठ. म्हंजे पाच वर्सं मी फुकटच राबलो नं?”

मी चष्मा पुसला. त्यांनी ते पान वहीतून अलगद फाडले, घडी करून बंडीच्या खिशात घातले आणि पंप न घेताच पानठेल्याकडे निघाले. त्या पानाच्या पाठीमागे माझा खुर्च्यांचा कारखाना होता. परवा स्वाध्याय द्यायचा असल्याने आता तो मला पुन्हा उभारावा लागणार आहे.