‘तुझं सोड रे, तू आपलाच’

शाळेच्या ग्रुपवर परवा पुन्हा तेच. दहावीपर्यंत ज्याच्या डब्यातली भाकरी मी खाल्ली तो मित्र लिहितो, ‘ख्रिश्चन मैत्री करतात ती बाटवायलाच. कायदा कडक हवा.’ खाली अंगठ्यांची रांग. मग मी ख्रिस्ती, म्हणून मला उद्देशून, ‘तुझं सोड रे, तू आपलाच.’ हे जास्त लागलं.

मी मँचेस्टरला राहतो. इथं ऑफिसात येशूचं नाव काढलं तर फार तर लोक पावसाचा विषय काढतात. चर्चच्या कुंपणावर आल्फा कोर्सचं, म्हणजे ख्रिस्ती श्रद्धेची ओळख करून देणाऱ्या वर्गाचं, बॅनर फडफडतंय, आत पास्ता फुकट, तरी खुर्च्या रिकाम्याच. इथल्या आर्डविक भागातलं सेंट बेनेडिक्ट चर्च तर आता गिर्यारोहणाच्या सरावाचं केंद्र झालंय, लोक दोर बांधून भिंती चढतात. 2021 च्या जनगणनेत इंग्लंड-वेल्समध्ये स्वतःला ख्रिस्ती म्हणवणारे निम्म्याहून कमी भरले. फुकट जेवणानं माणसं बाटत असती तर हा देश आज चर्चमध्ये मावला नसता. तिकडे गरिबी कुठंय, असं मित्र म्हणेल. त्यानं गरजूंना फुकट किराणा देणाऱ्या आमच्या फूड बँकेची रांग बघावी. माणसं पिशवी घेतात, ‘थँक्यू लव्ह’ म्हणतात आणि घरी जातात.

राहिला कायदा. धर्माचा प्रसार करण्याचा हक्क घटनेच्या 25 व्या कलमातच आहे. 1977 मध्ये सुप्रीम कोर्टानं सांगितलं की आपला धर्म सांगता येईल, दुसऱ्याचं धर्मांतर करण्याचा हक्क मात्र त्यात येत नाही. मला मान्य आहे. बळजबरी करणाऱ्याला, फसवणाऱ्याला खुशाल आत टाका. पण दवाखान्यात पडलेल्या मित्राला मी ‘तुझ्यासाठी प्रार्थना करू का?’ विचारलं, तर ते कशात मोजणार?

नगरच्या ख्रिस्ती घरांत अशा वेळी टिळकांचा विषय निघतोच. रेल्वेत एका गोऱ्या सहप्रवाशानं नारायण वामन टिळकांना बायबलचा नवा करार दिला. 1895 मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला, पत्नी लक्ष्मीबाईंनी नाही. संसार मोडला, पुढं पुन्हा जुळला तोही बाईंचं सोवळं-ओवळं सांभाळूनच. त्या ख्रिस्ती झाल्या 1900 मध्ये, स्वतःला पटलं तेव्हा. टिळकांसारख्या कवीला बायकोपुढं इतकं थांबावं लागलं, आणि मी म्हणे व्हॉट्सॲपवरून आख्खी बॅच बाटवणार!

आमच्या घरी नाताळचा फराळ व्हायचा. आई करंज्या, चकल्या, अनारसे ताटात रचून वर क्रोशाचा रुमाल टाकायची आणि पहिलं ताट याच मित्राच्या घरी जायचं. त्याची आई ताट कधी रिकामं परत पाठवायची नाही, निदान साखर तरी घालायची. प्रभूविषयी अवाक्षर नाही. आईची साक्ष म्हणजे ते ताट.

इथले सहकारी मला दिवाळीच्या शुभेच्छा देतात आणि डिसेंबरात विचारतात, ‘तुम्ही लोक ख्रिसमस करता का?’ पूर्वी पणजोबांपासूनचा इतिहास सांगायचो. आता ‘हो, थोडाफार’ म्हणून मोकळा होतो.

पण मित्राची शंका अगदीच खोटी नाही. मला त्याला येशूविषयी सांगावंसं वाटतं. वडील गेले त्या रात्री बायबलमधल्या तेविसाव्या स्तोत्रानं मला कसं धरून ठेवलं, ते त्याला ठाऊक असावं असं वाटतं. चांगला डॉक्टर सापडला तर आपण सांगतोच की! मी गप्प आहे तोवरच मी ‘आपला’, एवढंच त्याच्या त्या वाक्यातून मला कळलं.

डिसेंबरात नगरला येतोय. त्याच्याकडे जाणार. त्यानं विचारलं तर सांगेन. नाही विचारलं तरी बहुधा सांगेनच, मग जाऊ दे त्याला पोलीस चौकीत.