बंदी आहे म्हणून निश्चिंत राहू नका

परवा व्हिडिओ कॉलवर दादा म्हणाला, तुमच्या इंग्लंडात पोरं सर्रास व्हेप म्हणजे ई-सिगरेट ओढतात, आपल्याकडे बरंय, २०१९ पासून बंदी आहे, विकताना पहिल्यांदा सापडला तरी १ वर्षापर्यंत कैद नाहीतर १ लाखापर्यंत दंड. कायदा आहे ते खरंच. पण डिसेंबरात मी पुण्याला आलेलो तेव्हा त्याच्याच पोराने मला गच्चीवर नेऊन खिशातनं हायलायटरएवढं व्हेप काढून दाखवलं, आंब्याचा वास येणारं, कॉलेजजवळच्या टपरीवर मिळालेलं, आणि विचारतो, काका हे सिगरेटपेक्षा सेफ असतं ना?

हाच प्रश्न लेस्टरमध्ये माझ्या १४ वर्षांच्या मुलीनेही विचारलाय. २०१५ मध्ये इथल्या सरकारी आरोग्य संस्थेचा अहवाल आला की व्हेपिंग सिगरेटपेक्षा सुमारे ९५ टक्के कमी घातक. ते होतं वर्षानुवर्षं सिगरेट ओढणाऱ्यांसाठी, त्यांची ती सुटावी म्हणून, पण पोरांपर्यंत फक्त आकडा पोचला. अहो जिने सिगरेटला हातच लावलेला नाही तिच्यासाठी तुलना साध्या हवेशी करायची ना! मेंदूची वाढ साधारण पंचविशीपर्यंत चालू असते, त्या वयात निकोटिनची सवय पटकन लागते, आणि यात असतं ते निकोटिन सॉल्ट, म्हणजे निकोटिनचाच एक प्रकार, घशाला फारसं लागत नाही त्यामुळे किती ओढलं ते कळतच नाही.

इथे निदान मिलीलीटरला २० मिलीग्रॅमच्या वर निकोटिन चालत नाही, १ जून २०२५ पासून डिस्पोजेबल व्हेपही बंद झाले. पळवाटा आहेतच, पण मुलीच्या शाळेत यावर पालकांची मीटिंग तरी होते. पुण्यात चोरून येणाऱ्या मालात काय भरलंय ते कोण तपासणार? अमेरिकेत २०१९-२० मध्ये व्हेप ओढून फुफ्फुसं निकामी होऊन ६८ जण गेले, त्यात मोठा वाटा होता इकडून तिकडून मिळवलेल्या, गांजाचा अर्क असलेल्या व्हेपमध्ये मिसळलेल्या व्हिटॅमिन ई अॅसिटेट या तेलकट पदार्थाचा. आणि महाराष्ट्रात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे, तो कुठे मिळतो हे दादाला माहितीये.

पुतण्याला विचारूनच मी दादाला सांगितलं. दादा बराच वेळ गप्प होता, मग म्हणाला, आता मी त्याला ओरडू का? मी म्हटलं नको, आधी त्याला विचार दिवसातनं किती वेळा ओढावंसं वाटतं. काल रात्री दोघं गच्चीवर बसलेले, वहिनीने सांगितलं.